एक फेरा आणि तीन भोकं

बारा जानेवारी, रविवार, सकाळी सव्वादहा. माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगारवाल्यानं एकोणचाळीस हजार सहाशे रुपये माझ्या हातावर ठेवले. हजर होतो ते असे: मी, माझी बायको, भंगारवाला, त्याचे दोन हमाल, विकायचं मिलिंग मशीन, आणि एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना आमच्यापैकी कुणीही बोलावलं नव्हतं.

ते टेम्पोत पुढच्या सीटवर बसून आले होते. अंगात खाकी हाफशर्ट, गळ्यात मफलर, आणि शर्टाच्या खिशातून वर डोकावणारी लांब दांड्याची पळी. आमटी वाढायची असते तसली पळी. मी नोटा मोजत होतो. पाचशेच्या एकोणऐंशी, शंभराची एक. मी कुठलीही रक्कम दोनदा मोजतो. दुसऱ्या मोजणीत साठाव्या नोटेवर असताना ते मशीनपाशी गेले, पळीचा दांडा मशीनच्या पोटाला टेकवला, वाटी स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "यल्ली नोवु?"

मला कन्नड येत नाही. माझी बायको मंद्रूपची, तिला येतं. ती म्हणाली, "कुठं दुखतंय, असं विचारतायत."

"कुणाला?"

"मशीनला."

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग पळी खिशात ठेवली, माझ्याजवळ आले, माझ्या हातातली नोटांची चळत अलगद उचलली आणि भंगारवाल्याच्या खिशात घातली.

"ही मेलेली न्हाय," ते मला म्हणाले. "झोपलीया. झोपल्या माणसाला कुणी किलोवर इकतं व्हय, सायेब?"

भंगारवाल्यानं कपाळाला हात लावला. "क्या जी मिस्त्री! फिर चालू किये? ये पाँचवाँ मशीन है!"

पुढं कळलं ते असं. मिस्त्री मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात चाळीस वर्षं मागांच्या कारखान्यांत मशीनदुरुस्ती केलेली. आता भंगारवाल्याच्या गोदामाशेजारी राहत. ओतीव लोखंड कुठलं आणि पोलाद कुठलं, हे ते नुसतं टिचकी मारून सांगत, म्हणून भंगारवाला त्यांना बरोबर न्यायचा. त्यांच्यामुळे त्याचा भावात फायदा व्हायचा. पण अधूनमधून एखादं मशीन ते जिवंत ठरवत, आणि मग त्या दिवशीचा सौदा गेला. भंगारवाला तेवढं सोसत होता. मी त्याला विचारलं, परवडतं का? तो म्हणाला, दहामध्ये एक मशीन जातं, बाकी नऊमध्ये निघतं. हा हिशेब मला पटला.

आता हे मशीन आमच्याकडे कसं आलं, ते सांगतो. माझे सासरे मागांचे सुटे भाग बनवत. ते गेल्यावर वाटण्या झाल्या. दोन मेहुण्यांनी जमीन घेतली आणि माझ्या बायकोच्या वाट्याला मशीन दिलं, कारण अकराशे किलोचं मशीन हलवायची दोघांचीही तयारी नव्हती. ते मी हलवून आणलं. आठ वर्षं शेडमध्ये पडून होतं. दर दिवाळीला धाकटा मेहुणा फोनवर विचारायचा, "ताई, लोखंडाला पालवी फुटली का?" आणि स्वतःच हसायचा. मागच्या गल्लीतल्या एका कारखानदारानं सांगून ठेवलं होतं, की मशीन चालू असेल तर शेडसकट भाड्यानं घेतो, महिना सहा हजार, ताईंच्या नावावर. चालू नसेल तर नमस्कार. म्हणजे बायकोच्या बाजूनं बघाल तर एकीकडे वडिलांचं मशीन आणि दरमहा स्वतःचे सहा हजार, दुसरीकडे किलोला छत्तीस रुपये आणि भावाचं हसणं.

मी जिल्ह्याच्या कचेरीत पगाराची बिलं करतो. माझ्यासाठी जगातली कुठलीही गोष्ट एकतीस मार्चला संपते. तिथंच उभं राहून मी ठरवून टाकलं: एकतीस मार्चपर्यंत मशीन चाललं तर बायकोचं, नाही तर भंगारवाल्यानं त्याच भावानं न्यायचं. भंगारवाला म्हणाला, "चलो, मैं इकतीस कू सुबह आतूँ." बायकोनं मिस्त्रींना चहा विचारला.

"मजुरी किती घ्याल?" मी विचारलं.

मिस्त्रींनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताला धरून शेडबाहेर शेवग्याच्या झाडाखाली नेलं. "तिच्या म्होरं पैशाचं बोलायचं न्हाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आणि भंगार ह्यो शब्द तर अजाबात न्हाय."

"बरं. पण अंदाजे?"

"अंदाजे म्हंजे किती?"

हा प्रश्न मी त्यांना विचारायचा होता.

त्या दिवसापासून अडीच महिने, कुठलाही आकडा बोलायचा झाला की मी शेवग्याखाली जात असे. सोलापूरचा मार्च आणि शेवग्याची सावली, दोन्ही ज्यांना माहीत आहेत त्यांना जास्त सांगायला नको. भंगारवाल्याचा फोन आला की मी उठून बाहेर. शेजारचे लोक बायकोला विचारू लागले, साहेबांचं बाहेर काही आहे का?

मिस्त्री माणसांशी मराठी बोलत आणि मशीनशी कन्नड. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आमच्या गावाकडं म्हशी कानडीत ऐकत्यात. मशीन काय येगळी हाय का?" नट ढिला होत नसेल तर त्याला "बा, बा" म्हणून बोलवत. झाला की "साकु", म्हणजे पुरे, म्हणून थोपटत. जो नट अडून बसे त्याला ते खूप वेळ काहीतरी सुनवत. ते नेमकं काय, हे माझी बायको मला कधीच सांगत नसे. फक्त पदर तोंडाला लावून आत निघून जाई.

मशीन खोलायला सुरुवात झाली तेव्हा सुट्या भागांसाठी त्यांनी डबे मागितले. मी प्लास्टिकच्या पिशव्या देऊ केल्या, नंबरची चिठ्ठी लावून. मिस्त्री म्हणाले, "नंबर इसरतो माणूस. चव इसरत न्हाय." त्यांनी बायकोचा मसाल्याचा डबाच उचलला. टेबलाचे बोल्ट हळदीच्या वाटीत, मोटरचे जिऱ्याच्या, मागच्या झाकणाचे मोहरीच्या. मग दिवसभर हाक यायची, "अक्का, दोन जिरं द्या!" आणि बायको बरोबर दोन बोल्ट नेऊन द्यायची. एकही बोल्ट हरवला नाही, हे मी नमूद करतो. एक पिन मात्र आमटीत सापडली. ती मला सापडली, दातांना.

माप घ्यायची त्यांची रीतही अशीच. खिशात एक काडेपेटी आणि तिच्यात केस. त्यांच्या बायकोचा केस, रेड्याचा केस, नातवाचं जावळ. दोन भागांमध्ये फट किती, हे बघायला ते त्यात केस सरकवून बघत. "हितं रेडा जातोय. जावळ जायला पायजे, रेडा न्हाय." मला हे पाहवेना. मी अकराशे पन्नास रुपयांचं डिजिटल मापक आणून दिलं, आकडे दिसणारं. त्यावर आम्ही केस मोजले. त्यांच्या बायकोचा केस मिलिमीटरचे सात शतांश निघाला, दर वेळी.

मिस्त्रींनी मापक उलटंपालटं करून बघितलं. "ह्यातला सेल किती टिकतो?"

"वर्षभर."

"माझी बायकू बेचाळीस वर्सं टिकलीया," ते म्हणाले आणि मापक मला परत दिलं.

फेब्रुवारीत रोगाचं मूळ सापडलं. मोटरचा जोर कटरपर्यंत, म्हणजे लोखंड कापणाऱ्या पात्यापर्यंत, नेणारं एक दातेरी चाक आत फुटलं होतं. त्याला मिस्त्री गेर म्हणत. सहा तुकडे. मी ते तुकडे वर्तमानपत्रावर जुळवले आणि दात मोजले. सदतीस. दोनदा मोजले, सदतीसच. मशीन इतकं जुनं की असं चाक विकत मिळणं शक्य नव्हतं. बनवायलाच हवं होतं. आणि असं चाक बनवायला काय लागतं? मिलिंग मशीन.

"दुसऱ्याच्या मशीनवर करून आणू," मी म्हणालो.

मिस्त्री माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी माझ्या बायकोला बाळंतपणाला शेजाऱ्याकडे पाठवू म्हणालो. "तिचा गेर तीच पाडंल. तिला तेवढं उबं करू की."

त्याच दिवशी शेवग्याखाली मजुरीही ठरली. ते म्हणाले, "सायेब, दाताचा डाक्टर एका दाताला किती घेतो?"

"मागच्या वर्षी दाढेला अडीच हजार घेतले."

"मग मी तीनशे घितो. लोखंडाचा दात दुखत न्हाय. आणि तोंडात बसला तरच पैसं."

सदतीस गुणिले तीनशे, अकरा हजार शंभर. अखेर एक आकडा मिळाला. त्या रात्री मला झोप बरी लागली.

चाकासाठी आधी ओतीव लोखंडाची जाड चकती हवी. ओतकाम करणाऱ्याला नमुना द्यावा लागतो, त्याचा वाळूत ठसा घेऊन तो लोखंड ओततो. नमुना लाकडाचा करतात. मिस्त्रींनी बायकोकडून ज्वारीचं पीठ मळून घेतलं, तुकडे जुळवून त्या मापाच्या चार कडक भाकऱ्या भाजून घेतल्या, एकावर एक चिकटवल्या आणि वर लाख लावणार होते. "भाकरी वाळली की लाकूडच," ते म्हणाले. मला हे सगळं आचरटपणाचं वाटलं, पण चार भाकऱ्यांचा खर्च लाकडापेक्षा कमी होता, म्हणून मी मंजुरी दिली.

पहिला नमुना ओतकामाच्या कारखान्यात पोचलाच नाही. लाख लावायच्या आधीच तो नुसता माप दाखवायला रिक्षावाल्याबरोबर पाठवला होता. बायकोनं त्याच पिशवीत रिक्षावाल्यासाठी म्हणून शेंगाचटणीची पुडी ठेवली होती. त्यानं दोन्ही वस्तूंचा अर्थ एकत्र लावला. संध्याकाळी येऊन तो म्हणाला, "वहिनी, चटणी एक नंबर. भाकरी जरा जाड होती."

दुसऱ्या नमुन्याला लाख लावली, आणि मिस्त्री स्वतः मांडीवर घेऊन गेले. चकती उत्तम आली. चौदाशे पन्नास रुपये. तिच्या एका अंगावर भाकरीचे पोपडे जसेच्या तसे लोखंडात उमटले होते. ओतकामवाल्यानं मला फोन करून विचारलं, ही नक्षी कुठल्या देवळाची?

आता मशीनला तात्पुरतं उभं करायचं होतं. त्यासाठी मिस्त्रींनी लाकडाचं चाक केलं. मागावर विणताना इकडून तिकडं पळतो तो धोटा. जुन्या धोट्यांचं लाकूड दगडासारखं असतं. असे अकरा धोटे चिकटवून, कापून, कानशीनं घासून त्यांनी सदतीस लाकडी दात काढले. एकवीस दिवस लागले. चाक बसवलं, मोटर सुरू केली, आणि आठ वर्षांनी मशीन फिरलं. बायको शेडच्या दारात उभी होती. त्या दिवशी सणवार नसताना पुरणपोळी झाली.

मिस्त्रींनी मात्र बजावलं. "ह्यो लाकडाचा गेर एकच लोखंडी गेर पाडू देईल. दुसरा मागितला तर राख देईल. तवा काम एका झटक्यात, आणि बिनचूक."

दिवस सत्तावीस मार्च. मी रजा टाकली होती.

चाकाला सदतीस सारखे दात पाडायचे तर एक खाच कापून झाली की चाक नेमकं सदतिसाव्या हिश्शानं फिरवायला हवं. त्यासाठी मशीनवर एक हँडल असतं आणि हँडलमागं भोकांची एक गोल थाळी. हँडलची पिन भोकात बसते. हँडलचे चाळीस फेरे म्हणजे चाकाचा एक. मिस्त्रींना तोंडपाठ होतं: सदतिसाला एक फेरा, तीन भोकं. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी कागदावर करून पाहिलं. चाळीस भागिले सदतीस, म्हणजे एक पूर्णांक तीन छेद सदतीस. थाळीवर सदतीस भोकांचं वर्तुळ होतं. एक पूर्ण फेरा आणि वर तीन भोकं. अगदी बरोबर. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या मशीनबद्दल प्रेम वाटलं.

"भोकं बारीक हायती, मला दिसत न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "मोजायचं काम तुमचं. मी कटर बघतो." मोजणी चुकू नये म्हणून थाळीवर खुणेच्या दोन पट्ट्या असतात, त्या हरवल्या आहेत, असंही ते म्हणाले.

"पट्ट्यांची गरज नाही," मी म्हणालो. "मी आहे ना."

पहिली खाच कापली. मी पिन काढली, हँडलचा एक पूर्ण फेरा मारला, आणि थाळीवर बोट ठेवून मोजलं. पिनसमोरचं भोक एक, पुढचं दोन, त्याच्या पुढचं तीन. पिन बसवली.

बायको चहा घेऊन आली होती. "अहो," ती म्हणाली, "पिन जिथं होती ते भोक कशाला मोजता?"

"मग काय सोडून देऊ?"

"जिना चढताना ज्या पायरीवर उभे असता, ती मोजता का?"

"अगं, सोमवार ते बुधवार रजा घेतली तर तीन दिवस मांडतात. सोमवार सोडला तर ऑडिट येईल."

"रजा आणि भोक एकच का?"

"मोजणी ती मोजणी. सव्वीस वर्षं करतोय. एक दात जरी कमीजास्त निघाला तर त्या दाताचे तीनशे रुपये तुला रोख देईन."

"श्शू!" मिस्त्री मशीनमागून म्हणाले. "पैशाचं भाईर जाऊन."

आम्ही बाहेर जाऊन पैज पक्की केली आणि आत आलो.

सकाळी नऊ ते दुपारी सव्वाचार. प्रत्येक खाच कापताना लाकडी चाकातून धूर यायचा. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, होळी परवाच झाली ना? मी एकाग्र होतो. एक फेरा, तीन भोकं. एक फेरा, तीन भोकं. प्रत्येक खाचेला वहीत टिकमार्क. सदतिसावी टिक केली आणि म्हणालो, "झालं."

त्याच क्षणी लाकडी चाकाचे उरलेसुरले दात जळून पडले. मिस्त्रींनी ठरल्याप्रमाणे मोटर बंद केली. लोखंडी चाक काढून हातात घेतलं आणि डोळे मिटून कडेनं बोट फिरवायला सुरुवात केली. बोट टुकटुक करत फिरत होतं. मग एका जागी थांबलं. मागं गेलं. परत तिथंच आलं.

त्या जागी एकच दात होता, दोन दातांएवढा जाड. बाकी सगळे दात एकसारखे, आणि मध्येच हा, लग्नाच्या पंगतीत मांडी पसरून बसलेल्या पाहुण्यासारखा.

मिस्त्री मशीनकडे वळले, तिला थोपटलं आणि हळूच म्हणाले, "नगबेड. नगबेड."

बायको एकदम खोकत बाहेर गेली. ते मशीनला म्हणाले होते, "हसू नकोस."

मी वहीत बघितलं, टिका सदतीसच होत्या. मग थाळीसमोर उभा राहिलो आणि बोटानं मोजलं. पिन असलेलं भोक सोडून. प्रत्येक वेळी मी दोनच भोकं पुढं गेलो होतो. सदतीस वेळा, एकसारख्या अचूकपणानं, चुकलो होतो.

मी ते कबूल केलं. शेडमध्येच, मशीनसमोर, दोघांच्या साक्षीनं. माणसानं चूक केली तर ती त्याच तारखेला नोंदवावी. मिस्त्री म्हणाले, "आसं हुतंय, सायेब. मोठ्या शिकलेल्याकडनंच हुतंय." हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं असावं.

पण चार दिवस उरले होते आणि लाकडी चाक संपलं होतं. नवं करायला एकवीस दिवस. रात्री बायको जेवताना एवढंच म्हणाली, "बाबा हे मशीन रोज संध्याकाळी फडक्यानं पुसायचे." मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसलो. तारीख मीच ठरवली होती, आणि मोजलंही मीच होतं. पुढं ढकलावी म्हटलं तर भंगारवाल्याला शब्द दिलेला. तेवढ्यात त्याचाच फोन आला. मी ताटावरून उठून शेवग्याखाली गेलो. "साब, इकतीस कू पक्का ना? टेम्पो बोलके रखूँ?" मी म्हणालो, "बोलके रखो."

सकाळी शेडमध्ये गेलो तर मिस्त्री आधीच आले होते. चुकलेलं चाक शिकंज्यात, हातात करवत. जाड दात मधोमध कापत होते.

"हे काय?"

"जागा दोघांची हाय आणि एकजण पसरून बसलाय. त्याला जरा सरकवतो, दुसऱ्याला बसवतो."

"म्हणजे अडतीस दात होतील! सदतीसच्या जागी अडतीस कसे चालतील?"

"नीट न्हाय चालायचे. बोंबलत चालतील. आपल्याला एकच दिस चालवायची हाय की."

दोन दिवस ते कानशीनं प्रत्येक दात एकेक जावळ बारीक करत होते. एकोणतीसला संध्याकाळी ते चाक बसवलं. मोटर सुरू केल्यावर जो आवाज झाला, तो पत्र्याच्या डब्यात खडे भरून गाढवाच्या शेपटीला बांधल्यासारखा होता. शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या. पण मशीन फिरत होतं. माझी चूक फिरत होती, आणि तिच्या जोरावर कटरही.

तीस मार्चला दुसऱ्या चकतीवर काम सुरू झालं. ओतकामवाल्यानं एक जादा ओतून दिली होती, भाकरीच्या नक्षीसकट. थाळीजवळ बायको उभी राहिली. मी नाही. माझ्याकडे टिका करायचं काम होतं. गोंगाटात ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं म्हणायची, "उभी ती सोडून! एक! दोन! तीन!" सदतीस वेळा. शेजारणीला वाटलं बायको मला काहीतरी शिकवतेय. ते खरंच होतं.

सदतिसावी खाच पहिलीला बरोबर जाऊन मिळाली. मिस्त्रींचं बोट कडेनं फिरलं आणि कुठंही थांबलं नाही.

एकतीस मार्च, सकाळी साडेआठ. दारात टेम्पो उभा राहिला. आम्ही मध्यरात्रीपर्यंत जागून नवं चाक बसवलं होतं, पण चालवून बघितलं नव्हतं, कारण मिस्त्रींच्या मते झोपेतून उठवायची वेळ सकाळची. भंगारवाला हमालांसह आत आला. मिस्त्रींनी बटन बायकोला दाबायला लावलं.

मला वाटलं, लाइट गेली. आवाजच नव्हता. मग बघितलं, कटर फिरत होता. फक्त एक बारीक गुणगुण येत होती, दुपारी झोपलेल्या माणसाच्या खोलीतल्या पंख्यासारखी.

भंगारवाल्यानं हात पुढं केला. मिस्त्रींनी त्याला पळी दिली. त्यानं दांडा मशीनला लावला, वाटी कानाला लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "जिंदा है, साब." मग हमालांकडे वळून ओरडला, "क्या देखते रे? चलो!"

बायकोनं फोन लावला आणि तो मशीनजवळ धरला. "ऐक," ती धाकट्या भावाला म्हणाली. "काय ऐकू?" तो म्हणाला, "काहीच आवाज नाही." "हं, तेच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मिस्त्रींना शेवग्याखाली नेऊन अकरा हजार शंभर दिले. त्यांनी न मोजता काडेपेटीच्या खिशात कोंबले. मी मोजून घ्या म्हणालो. ते म्हणाले, "तुमी मोजल्यात न्हवं?" आणि जरा थांबून, "अक्कांनी मोजल्यात का?"

अडतीस दातांचं चाक त्यांनी मला टाकू दिलं नाही. ते माझ्या टेबलावर कागदांवर ठेवायला आहे. त्यातला एक दात बाकीच्यांपेक्षा बारीक आहे. कचेरीतले लोक विचारतात, हे काय? मी म्हणतो, सुटा भाग. मिस्त्री त्यानंतर परत कामाला आले नाहीत. एकदा अक्कलकोट रोडवर टेम्पोच्या पुढच्या सीटवर दिसले, खिशात पळी. मागं टेम्पो रिकामाच होता. म्हणजे त्या दिवशी कुठंतरी आणखी एक मशीन जिवंत निघालं असणार.

आता अखेरची रक्कम. मशीन सुरू झालं त्याच संध्याकाळी मी शंभराच्या तीन नोटा बायकोसमोर ठेवल्या. म्हटलं, पैजेचे. मोजून घे.

तिनं नोटा हातात घेतल्या. वरच्या नोटेवर बोट ठेवलं. "ही उभी ती सोडून," ती म्हणाली, "एक... दोन." मग माझ्याकडे बघितलं. "अहो, एक कमी आहे."

मी पाकिटातून चौथी नोट काढली.

एकूण अदा, चारशे रुपये, रोख, माझ्या बायकोला. पावती मागितली होती. मिळाली नाही.